मंडळीचें सामाईक संकेतस्थळ

आपल्याकडील पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांनीं गेल्या कांहीं वर्षांत स्वतःचें संकेतस्थळ उघडलें आहे. उद्घाटनाच्या दिवशीं प्रार्थना होते, भाषणें होतात, चहा होतो. आणि पुढें वर्षा-दोन वर्षांनीं तें स्थळ उघडून पाहावें तों काय दिसतें? बदली होऊन गेलेल्या पाळकसाहेबांचें छायाचित्र पहिल्याच पानावर असतें, उपासनेची वेळ जुनी असते, आणि 'आगामी कार्यक्रम' या मथळ्याखालीं होऊन गेलेल्या नाताळची सूचना असते. यांत कोणाचा आळस असतोच असें नाहीं. ज्या तरुणानें तें स्थळ तयार केलें तो नोकरीनिमित्त पुण्यास किंवा बंगळुरास गेलेला असतो, व स्थळाची किल्ली, म्हणजे त्याचा गुप्त शब्द, त्याच्याबरोबर गेलेली असते. चूक सर्वांस दिसते. ती दुरुस्त करणारा हात मात्र एकच, आणि तोही दूर.

या अडचणीवरील एका उपायाची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी असा या लेखाचा हेतु आहे. त्या उपायास विकि म्हणतात. ज्या संकेतस्थळाचें पान वाचणाऱ्यासच तेथल्या तेथें दुरुस्त करितां येतें, त्यांत भर घालितां येते व नवें पान जोडितां येतें, तें विकि होय. विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं विकिपीडिया पाहिलेला आहे; गृहपाठाच्या वह्यांतून त्याच्या नकला आम्हां शिक्षकांच्या दृष्टीस नेहमींच पडतात. परंतु त्या पानाच्या माथ्यावरील 'संपादन' या शब्दावर बोट ठेवण्याचें धैर्य त्यांपैकीं फारच थोड्यांनीं केलें असेल.

विकि हा शब्द हवाई बेटांतील भाषेचा असून त्याचा अर्थ 'त्वरित' असा आहे. होनोलुलुच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसगाडीस 'विकि विकि' असें नांव होतें. तें वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाच्या स्मरणांत राहिलें, आणि २५ मार्च १९९५ रोजीं त्यानें आपल्या समव्यवसायी लोकांसाठीं जें स्थळ खुलें केलें त्यास त्यानें तेंच नांव दिलें. त्याची कल्पना अगदींच नवी होती असेंही नाहीं. टिम बर्नर्स-ली यानें १९९० सालीं जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत जागतिक जाळें वाचण्याचें पहिलें साधन तयार केलें, त्यांत वाचण्याची व लिहिण्याची अशा दोन्ही सोयी होत्या. पुढें जीं साधनें लोकप्रिय झालीं त्यांत वाचन तेवढें राहिलें, लेखन गळालें. कनिंगहॅमनें वाचकाच्या हातीं लेखणी परत दिली. याच पायावर १५ जानेवारी २००१ रोजीं जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनीं विकिपीडिया सुरू केला, व १ मे २००३ रोजीं, म्हणजे नेमक्या महाराष्ट्रदिनीं, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला.

आतां याचें काम कसें चालतें तें पाहूं. समजा, 'रविवारची उपासना' या पानावर वेळ सकाळीं नऊची लिहिली आहे, आणि पंचांनीं ती साडेआठची ठरविली. ठराव ज्याच्या कानीं आला असा कोणीही सभासद 'संपादन' या शब्दावर बोट ठेवितो. तत्क्षणीं छापल्यासारखें दिसणारें पान वहीच्या पानासारखें मोकळें होतें. तो 'नऊ' खोडून 'साडेआठ' लिहितो. खालीं एक लहानसा चौकोन असतो. त्यांत बदलाचें कारण लिहावयाचें असतें. 'पंचांच्या ठरावाप्रमाणें वेळ बदलली,' इतकें लिहून त्यानें तें जतन केलें कीं काम झालें. मुंबईस असलेल्या मुलास तें त्याच क्षणीं दिसतें.

परंतु जुनें पान नाहींसें झालेलें नसतें. पानाच्या माथ्यावर 'इतिहास' असा आणखी एक शब्द आहे. तो उघडला असतां पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक बदलाची यादी समोर येते : कोणीं केला, कोणत्या दिवशीं, किती वाजतां, आणि कोणतें कारण देऊन. यादींतील कोणतेही दोन पाठ शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येतात, व त्यांत फरक झालेले शब्द निराळ्या रंगानें उठून दिसतात. नवा पाठ चुकीचा ठरला तर जुना परत आणितां येतो. शाळेंतला फळा पुसला कीं गेलें तें गेलें. येथें पुसलेला प्रत्येक फळा मागें जसाच्या तसा उभा असतो.

नवशिक्यांसाठीं 'धूळपाटी' नांवाचें एक पान ठेवितात. हें नांव मराठी विकिपीडियानें मोठ्या समर्पकपणें योजिलें आहे. पंतोजींच्या शाळेंत पाटीवर धूळ पसरून मुलें तींत अक्षरें गिरवीत. चुकलें तर हात फिरविला कीं पाटी कोरी. या पानावरही हवें तें लिहावें, खोडावें, कोणी रागें भरत नाहीं. मोबाइलवर बोट ठेवण्याची ज्या आजीबाईंस धास्ती वाटते त्यांचा पहिला धडा येथेंच व्हावा, आणि त्यांस शिकविणारा पंतोजी नातवंडांतूनच निवडावा. प्रत्येक पानाच्या पाठीमागें 'चर्चा' म्हणून एक जोडपान असतें. माहितीविषयीं मतभेद असेल तर तो तेथें मांडावयाचा, मुख्य पानावर नव्हे. आणि सर्वांच्या सामान्य विचारविनिमयासाठीं चावडी असते.

मला स्वतःला मात्र विकिंतील सर्वांत आवडणारी वस्तु म्हणजे तांबडा दुवा. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या शब्दास दुवा म्हणतात. विकिपीडियाच्या पद्धतीच्या स्थळांवर एखादा शब्द दोन-दोन चौकटी कंसांत घातला कीं त्याचा दुवा होतो. त्या नांवाचें पान आधींच असेल तर शब्द निळा दिसतो, नसेल तर तांबडा. मंदिराच्या इतिहासाच्या पानावर कोणी लिहितो कीं, घंटा अमुक वर्षीं बसविली, व 'घंटा' या शब्दास दुवा करून ठेवितो. घंटेविषयीं त्याला अधिक कांहीं ठाऊक नाहीं. शब्द तांबडा राहतो. सहा महिन्यांनीं तो शब्द एखाद्या म्हाताऱ्या सुतारकाकांच्या दृष्टीस पडतो. त्यांच्या वडिलांनीं ती घंटा बैलगाडींतून आणिलेली असते. छापील स्मरणिकेंत जें ठाऊक नाहीं तें झांकून जातें; येथें तें सर्वांसमक्ष तांबडें होऊन विचारीत राहतें.

कोणी म्हणेल, मंडळीचा व्हॉट्सॲपवर गट आहे. मग हा खटाटोप कशास? गटांतील संदेश वाहून जातो. मागच्या पावसाळ्यांत छपराच्या दुरुस्तीस काय खर्च आला हें पाहावयाचें झाल्यास शेंकडों 'सुप्रभात' व तितकींच गुलाबाचीं फुलें ओलांडून मागें जावें लागतें, आणि नव्यानें आलेल्या कुटुंबास तर मागचें बहुधा कांहींच दिसत नाहीं. निरोप देण्यास गट ठीक आहे. ठेवण्याच्या गोष्टींस ठिकाण निराळें हवें.

पालकांच्या मनांत येणारी पहिली शंका ठरलेली असते : सर्वांस लिहूं दिलें तर कोणीही वाटेल तें लिहील. तिचें ठराविक उत्तर असें कीं, इतिहास आहे, क्षणांत पूर्ववत् करितां येतें. हें उत्तर खरें आहे, पण अर्धेंच खरें आहे. जॉन सायगनथॅलर हे अमेरिकेंतील एक मान्यवर पत्रकार होते. १९६१ सालीं त्यांनीं रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक म्हणून काम केलें होतें. मे २००५ मध्यें कोणा निनांवी मनुष्यानें इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्याविषयीं एक पान लिहिलें, व त्यांत असें घुसडलें कीं, जॉन व रॉबर्ट या दोघां केनेडी बंधूंच्या हत्येशीं यांचा संबंध असल्याचा एके काळीं संशय होता. हें निव्वळ खोटें होतें. आपण तें थट्टेनें लिहिलें, असें लिहिणाऱ्यानें मागाहून कबूल केलें. परंतु तें लिखाण सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सुमारें चार महिने, तसेंच राहिलें. त्या वेळीं सायगनथॅलर यांचें वय ७८ वर्षांचें होतें.

दुरुस्तीची सोय त्या सर्व काळांत तेथें होती. इतिहासही होता. ज्याच्या लक्षांत ती गोष्ट यावी असा वाचणारा नव्हता. त्याच वर्षीं डिसेंबरांत इंग्रजी विकिपीडियानें नांव न नोंदविलेल्या लोकांस नवें पान उघडण्याची मनाई केली. पण खरा बोध त्या मनाईच्या पलीकडचा आहे. सर्वांस लिहितां येतें म्हणून पान शुद्ध राहत नाहीं. कोणीतरी तें नेहमीं वाचीत असतें म्हणून राहतें. मराठी विकिपीडियावर या वाचण्यास 'पहारा' असा शब्द आहे. एखाद्या पानावर आपण पहारा ठेविला असतां त्यांत झालेला प्रत्येक बदल आपल्या यादींत दिसतो.

मंडळी लहान असते हा येथें मोठाच लाभ आहे. विकिपीडियावर कोण कोणास ओळखतो? मंडळींत सर्व सर्वांस ओळखतात, आणि खरें सांगावयाचें तर जरा जास्तच ओळखतात. म्हणून लिहावयाचें त्यानें आपल्या खऱ्या, पूर्ण नांवानें प्रवेश करावा. 'हितचिंतक' किंवा 'एक सभासद' असलीं नांवें मुळींच चालूं देऊं नयेत. स्वतःच्या नांवाखालीं लिहितांना माणसाचा हात आपोआप सांवरतो. त्यानंतर प्रत्येक पानास दोन पहारेकरी नेमावेत, व ते दोन निरनिराळ्या घरांतील असावेत. नवरा-बायको किंवा दोन भाऊ नेमले तर पहारा एकच झाला. गीतांच्या क्रमांकांचें पान नववींतील एखादी मुलगी उत्तम सांभाळील. पाळकसाहेबांकडे सर्वच पानें सोंपविण्याचा मोह होईल; तो आवरावा. तसें केलें कीं पुनः एकच किल्ली आणि एकच खिसा अशी अवस्था होते.

सर्वच पानें सर्वांस खुलीं असावींत असें मात्र मला वाटत नाहीं. तपासून मंजूर झालेले हिशेब, पंचांचे ठराव, मंडळीची घटना हीं सर्वांस वाचतां यावींत, पण चिटणीसांवांचून कोणास बदलतां येऊं नयेत. विकींत अशीं पानें कुलूपबंद ठेवण्याची सोय असते. हिशेबांत चूक दिसली तर चर्चेच्या पानावर ती दाखवावी, व तेथें आलेल्या प्रश्नास उत्तर देणें हें चिटणीसांचें कर्तव्य समजावें.

आतां सर्वांत नाजूक गोष्टीकडे वळूं. उपासनेच्या वेळीं आपण सांगतों कीं, अमक्या बहिणीची शस्त्रक्रिया आहे, तमक्या बंधूची नोकरी गेली आहे, त्यांच्यासाठीं प्रार्थना करा. मंदिराच्या चार भिंतींत हें बोलणें प्रेमाचें असतें. तेंच वाक्य संकेतस्थळावर गेलें कीं तें सोयरीक पाहणारा वाचतो, नोकरी देणारा वाचतो, आणि फसवणुकीचा धंदा करणाराही वाचतो. कोणी कळवळ्यानें आजाराचें नांवही लिहून मोकळा होतो. मग ज्या इतिहासाची आपण वर इतकी वाखाणणी केली तोच येथें उलटतो. पानावरून तें वाक्य दुसऱ्या दिवशीं काढून टाकिलें तरी जुन्या पाठांत तें राहतेंच, आणि 'इतिहास' उघडणाऱ्या कोणासही तें दिसतें. व्यवस्थापकाच्या अधिकारानें तो पाठ झांकितां येतो हें खरें. पण तोंपर्यंत शोधयंत्रांनीं त्याची नक्कल करून ठेविली असेल तर ती आपल्या हातची नव्हे. विकींत खोडणें म्हणजे नाहींसें करणें नव्हे, हें लिहिणाऱ्या प्रत्येकास पहिल्याच दिवशीं समजावून सांगितलें पाहिजे.

यास्तव प्रार्थनेच्या विनंत्या, घरचे पत्ते, दूरध्वनीचे क्रमांक, जन्मतारखा व बाप्तिस्म्याच्या नोंदी खुल्या पानांवर येऊं नयेत. बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत बापाचें नांव, जन्मदिवस, कित्येकदां पूर्वीचें कुळ व गांव हेंही असतें. ती पेटींत आहे तेथेंच शोभते. मुलांच्या बाबतींत तर कायदाही आहे. संसदेनें २०२३ सालीं संमत केलेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यांत १८ वर्षांखालील मुलांची माहिती संगणकाद्वारें हाताळण्यापूर्वीं आईबापांची संमति घेण्याचें बंधन घातलें आहे. शब्बाथशाळेच्या संमेलनाचें छायाचित्र चढवून त्याखालीं प्रत्येक मुलाचें नांव व इयत्ता छापण्याची हौस पुष्कळांस असते. विचारल्यावांचून ती भागवूं नये.

मग लिहावें काय? मंडळीची आठवण लिहावी. जुनीं नोंदपुस्तकें वाळवी खाते, व ज्यांना आठवतें तीं माणसें एकेक करून जातात. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ सालापासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईंनीं घरांतलें व घराबाहेरचें जें टिपून ठेविलें त्यावांचून त्या काळच्या ख्रिस्ती घराचें चित्र आज आपल्यास किती फिकें दिसलें असतें! प्रत्येक मंडळींत लक्ष्मीबाई नसतात. पण दुष्काळांत विहीर कोणीं खणविली, पहिली शिवणशाळा कोणाच्या ओसरीवर भरे, कोणत्या गीतास कोणतीं जुनी चाल होती, हें सांगणाऱ्या बाया असतात. त्यांनीं सांगावें व मुलांनीं लिहावें.

अशा लेखनांत वाद उपस्थित होणारच. मंदिराची जागा आपल्या आजोबांनीं दिली असें दोन घराणीं म्हणतात, आणि दोघांकडेही कागद नसतो. येथें मुख्य पानावर कोणाचाही विजय लिहूं नये. 'जागा कोणी दिली याविषयीं दोन आठवणी सांगतात,' असें म्हणून दोन्ही द्याव्यात, व पुरावा मिळेपर्यंत चर्चा चालूं ठेवावी. पुरावा कधींकधीं अनपेक्षित जागीं सांपडतो. 'ज्ञानोदया'चा जन्म १८४२ सालीं अहमदनगर येथें झाला, व त्याच्या जुन्या अंकांतून मंडळ्यांच्या बातम्या आढळतात. अमुक वर्षीं पाळकांशीं कोणाचें भांडण झालें, हें मात्र ज्याचें त्याच्यापाशीं राहूं द्यावें. असो.

अहमदनगराचें नांव निघालें म्हणून सांगतों. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें. आतां आजोबा जुनें नांव शोधतील व नातू नवें. विकींत दोन्हीं नांवांनीं पान उघडेल अशी व्यवस्था करितां येते. एका नांवाच्या पानावर दुसरीकडे जाण्याची खूण करून ठेविली कीं वाचक आपोआप तेथें पोंचतो. माणसांच्या टोपणनांवांस व वाड्यावस्त्यांच्या जुन्या नांवांस हीच युक्ति लागू पडते.

गीतांविषयीं दोन शब्द. आपल्याकडील कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षेंपर्यंत त्याच्या लेखनावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. नारायण वामन टिळक १९१९ सालीं वारले. त्यांचीं गीतें संपूर्ण देण्यास हरकत नाहीं. अलीकडच्या कवींचीं गीतें मात्र त्यांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या परवानगीनेंच द्यावींत. नाहींतर गीताचें नांव व पुस्तकांतील क्रमांक तेवढा द्यावा.

मंडळीच्या कार्यालयांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं संगणकावर टंकलेल्या याद्या असतील, तर त्या नव्या पानावर घेतांना अक्षरांची विचित्र खिचडी झालेली दिसेल. त्या काळीं प्रत्येक अक्षरवळणाची सांकेतिक रचना निराळी असे, व त्या वळणावांचून मजकूर वाचतां येत नसे. १९९१ सालापासूनच्या युनिकोड पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास ठरलेला क्रमांक आहे. त्यांत लिहिलेलें कोठेंही वाचतां येतें व शोधतांही येतें. जुन्या याद्या पुनः टंकून घेण्याचें काम कंटाळवाणें खरें, पण दहावीची परीक्षा संपलेल्या मुलांजवळ वेळ असतो.

पहिल्या परिच्छेदांतील किल्लीची गोष्ट राहिली. संकेतस्थळाच्या नांवाची ठराविक मुदतीनें फी भरावी लागते. ती चुकली तर नांव हातचें जातें व दुसरा कोणीही तें घेऊं शकतो. म्हणून तें नांव कोणा एका तरुणाच्या नांवें न घेतां मंडळीच्या नांवें घ्यावें, मुदतीची तारीख खजिनदारांच्या वहींत लिहावी, आणि व्यवस्थापकाचा अधिकार निदान तिघांपाशीं असावा. सर्व पानांची नक्कल दर महिन्यास निराळ्या ठिकाणीं उतरून ठेवावी.

विद्यार्थ्यांसाठीं सुटींतील अभ्यास : आपल्या मंदिरांतील घंटा, व्यासपीठ, दगडी पाटी किंवा जुना बाजा यांपैकीं एक वस्तु निवडा. (ज्यांच्या घरीं ख्रिस्ती उपासना नाहीं त्यांनीं गांवचें वाचनालय किंवा विहीर घ्यावी, काम तेंच.) तिच्यावर कोरलेलें साल व शब्द जसेच्या तसे उतरून घ्या. तिच्याविषयीं घरांतील दोन वडील माणसांस वेगवेगळें विचारा, व त्यांच्या सांगण्यांत जेथें फरक पडेल तेथें खूण करा. त्यांचें नांव लिहूं कां, हें त्यांसच विचारा. मग दहा ओळींचें पान धूळपाटीवर लिहा, व दुसऱ्या कोणास तरी तें वाचावयास द्या.